फ्लामेंको गिटार: नव्याने शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी हौशी वादक आहे, पोटापाण्याचा उद्योग वेगळा. पण घरी फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचं गाणं-नाच-गिटारचं संगीत, वाजवतो हे एकदा कळलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे देतोय. क्रम विचारणाऱ्यांचाच आहे. मला विचाराल तर तिसऱ्या प्रश्नापासून वाचा.

माझ्याकडे स्पॅनिश गिटार आहेच. तिच्यावर फ्लामेंको वाजेल ना?

बहुधा नाही, आणि दोष तुमचा नाही, शब्दाचा आहे. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ती हवाईयन गिटार आणि छातीशी धरून वाजवायची ती स्पॅनिश, अशी आपल्याकडची जुनी विभागणी. वाद्यवृंदांच्या जमान्यापासून ती क्लासच्या पाट्यांवर टिकून आहे. त्यामुळे 'स्पॅनिश' म्हणून दुकानदार जी हातात देतो ती बहुतेक वेळा पोलादी तारांची अकूस्टिक गिटार असते. स्पेनशी तिचा संबंध नावापुरता.

फ्लामेंकोला नायलॉनच्या तारा लागतात. वरच्या सुरांच्या तीन साध्या नायलॉनच्या आणि खालच्या सुरांच्या तीन, आतून धाग्यांच्या नि बाहेरून बारीक धातूची तार गुंडाळलेल्या. मी स्वतः पहिली गिटार पोलादी तारांचीच आणली होती. उजव्या हाताची नखं चार दिवसांत सुपारी कातरल्यासारखी झाली, तेव्हा चूक कळली.

एक इशारा. हौसेने क्लासिकल गिटारवर पोलादी तारा चढवू नका. त्यांचा ताण कितीतरी जास्त असतो. मान वाकते, घोडी उखडून येते. उलटं, म्हणजे पोलादी तारांच्या गिटारला नायलॉन लावणं, धोक्याचं नाही, पण आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा येतो.

मग थेट फ्लामेंको गिटारच घेऊ का?

घाई नको. नायलॉन तारांची साधी क्लासिकल गिटार पहिलं वर्षभर पुरते. दोन्ही वाद्यं एकाच घरातली आहेत. आल्मेरियाचा कारागीर आंतोनियो दे तोरेस (1817–1892) याने गिटारला जो आकार आणि जी आतली बांधणी दिली तिच्यातूनच दोन्ही आल्या. पुढे फ्लामेंकोवाल्यांना वेगळं काही हवं होतं. नाचणाऱ्याच्या टाचांच्या आणि टाळ्यांच्या गदारोळात ऐकू जाईल असा, चटकन फुटणारा आणि चटकन विरणारा आवाज. त्यासाठी पाठ आणि कडा सायप्रसच्या फिकट लाकडाच्या, पातळ नि हलक्या. हिला 'ब्लांका' म्हणजे गोरी म्हणतात. शिसवाच्या जातीच्या गडद लाकडाची ती 'नेग्रा', काळी. तारा पट्टीच्या जवळ असतात, त्यामुळे जोरात वाजवलं की किंचित खरखरतं. क्लासिकलवाल्याला तो दोष वाटतो, आपल्याला तीच चव.

यामाहा आणि आलांब्रा यांची फ्लामेंको मॉडेल्स मिळतात, पण आपल्याकडच्या दुकानात ती मांडून ठेवलेली क्वचितच दिसतात, मागवावी लागतात. तोवर क्लासिकल गिटारवर एक पारदर्शक चिकटपट्टी लावून घ्या, तारांखाली, ध्वनिछिद्राच्या बाजूला. तिला 'गोल्पेआदोर' म्हणतात. वाजवता वाजवता अनामिकेने लाकडावर ठोका द्यायचा असतो ('गोल्पे'), आणि ही पट्टी नसेल तर सहा महिन्यांत नखांनी लाकडाला खड्डे पडतात. चिकटवताना वाद्य जाणणाऱ्या माणसाला विचारा. कुठलाही स्टिकर काढताना पॉलिशही सोबत घेऊन येतो.

आधी काय शिकायचं?

ताल. गिटार कपाटात ठेवा आणि पंधरा दिवस टाळ्या वाजवा. हे ऐकून निम्मे लोक पुन्हा फोन करत नाहीत.

फ्लामेंकोत तालाच्या आवर्तनाला 'कोम्पास' म्हणतात. गाणं, नाच, गिटार यांतलं काहीही चुकलं तर चालवून घेतात, कोम्पास चुकला तर नाही. आणि इथेच आपण मराठी माणसं थोडी पुढे आहोत. ज्याने लहानपणी तबल्याच्या किंवा पेटीच्या क्लासला बोटांच्या पेरांवर मात्रा मोजल्या आहेत, त्याला बारा मात्रांचं आवर्तन ही नवलाई नाही. एकतालही बाराचाच. फरक वजनाचा आहे. एकतालाचे दोन-दोन मात्रांचे सहा समान खंड पडतात; फ्लामेंकोच्या बारा मात्रा अशा विषम फुटतात:

1 2 3 4 5 6 7 8 9 10 11 12

3, 6, 8, 10 आणि 12 वर जोर. 'सोलेआ' या संथ, भारदस्त प्रकाराची मोजणी ही. आता हेच चक्र बारापासून सुरू करा: 12, 3, 6, 8, 10. तीन-तीन-दोन-दोन-दोन. वेग वाढवलात की 'बुलेरीया' झाली, हेरेस गावाचा जीव की प्राण. आणि आठपासून सुरू केलंत तर 8, 10, 12, 3, 6, म्हणजे दोन-दोन-तीन-तीन-दोन: ही 'सेगिरिया', मरणाच्या आणि विरहाच्या गाण्यांची. चक्र एकच, तीन दारांनी आत शिरायचं. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी सिंहगड रोडच्या सिग्नलला स्टिअरिंगवर टाळ्या देत होतो आणि मागचा रिक्षावाला हॉर्न देत होता.

आता खरी मेख. आपली सम पहिल्या मात्रेवर. तिहाई घेतली की ती एकावर येऊन पडते, मान डोलते. सोलेआ, बुलेरीयात वाक्य दहाव्या मात्रेवर मिटतं. अकरा-बारा हा श्वास, पुढच्या आवर्तनाची उंबऱ्यावरची दोन पावलं. तिथले लोक मोजतानाही दहानंतर अकरा-बारा न म्हणता पुन्हा 'एक, दोन' म्हणतात. आपला कान मात्र हट्टाने एकाची वाट पाहतो. तबला शिकलेल्यांना हा हट्ट सोडायला जास्त वेळ लागतो, हेही सांगून ठेवतो.

सराव असा: पायाने ठोका, हाताने टाळी, तोंडाने आकडे. टाळ्यांनाही इथे शास्त्र आहे, त्यांना 'पाल्मास' म्हणतात. दोन्ही तळवे खोलगट करून दिलेली दबकी टाळी गाण्याच्या साथीला. उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर आपटून काढलेली टणत्कारी टाळी जोरकस जागांना. मग फोनवर कोम्पासचा ठेका लावून ठेवा. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तबला असतो तशी याचीही अ‍ॅप मिळतात. भांडी घासताना चालू ठेवलात तरी चालेल.

ते पंख्यासारखं बोटं फिरवणं कसं जमतं?

त्याला 'रासगेआदो' म्हणतात. कॅरम खेळला आहात ना? स्ट्रायकर मारताना तर्जनी अंगठ्याच्या अटकेतून जशी सुटते, तशी करंगळी, अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी एकामागून एक सोडायची. नखांच्या पाठीने तारांवरून. चारही ठोके सारख्या वजनाचे आणि सारख्या अंतराने आले पाहिजेत. सुरुवातीला करंगळी काही ऐकत नाही आणि अनामिका मधल्या बोटाला चिकटून येते. म्हणून आधी गिटारशिवाय, मांडीवर, मग सगळ्या तारा डाव्या हाताने दाबून मुक्या करून, मग कॉर्डवर. हळू. पुढच्या हाताला रग लागली तर थांबा, कारण ताकद मनगटातून नव्हे, बोटाच्या सुटण्यातून येते. दुखत असताना रेटून केलेला सराव महिन्याभराची सुट्टी देऊन जातो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. अंगठ्याचं काम ('पुल्गार') फ्लामेंकोचा कणा आहे. अंगठा तारेवर वरून पडतो आणि खालच्या तारेवर विसावतो. पहिल्या दिवसापासून याला वेळ द्या. 'पिकादो' म्हणजे तर्जनी-मधलं बोट आळीपाळीने चालवून घेतलेल्या जलद ताना, त्यांचे पलटे रोज थोडे. 'आल्साप्वा', म्हणजे अंगठ्याच्या नखाने खाली-वर घेतलेले झपाटे, पहिल्या वर्षी नको. त्रेमोलोही (एकच सूर भराभर छेडून थरथरता ठेवणं) नको, पण एवढं माहीत असू द्या की क्लासिकलमध्ये अंगठ्यानंतर तीन ठोके येतात, फ्लामेंकोत चार. पिकचा मात्र काहीही उपयोग नाही.

नखं वाढवावीच लागतात का?

उजव्या हाताची, हो. बोटाच्या टोकापुढे दोनेक मिलिमीटर, अंगठ्याचं जरा जास्त. डाव्याची कापून टाका. रासगेआदोने नखं तडकतात, म्हणून बरेच वादक त्यांवर गोंदाचा थर देतात. कुणी नेलपॉलिशच्या दुकानातलं जेल लावून घेतात. ऑफिसात लोक एकाच हाताची नखं बघून काहीतरी तांत्रिक साधना समजतात. समजू द्या.

ऐकताना भैरवीसारखं का वाटतं?

कारण बऱ्याच अंशी स्वर तेच आहेत. फ्लामेंकोत सगळ्यात जास्त वापरली जाणारी स्वरपंगत ई, एफ, जी, ए, बी, सी, डी. ई ला सा माना आणि मोजा: रे कोमल, ग कोमल, मध्यम शुद्ध, पंचम, ध कोमल, नी कोमल. भैरवी थाट. त्यात गंमत अशी की मुक्कामाचा कॉर्ड ई मेजर असतो आणि त्यात शुद्ध गंधार आहे. म्हणजे गंधार दोन्ही. शुद्ध गंधारावर जोर दिला की बसंत मुखारीच्या वाटेला लागल्यासारखं होतं.

ए मायनर, जी, एफ, ई ही उतरण तुम्ही शेकडो वेळा ऐकली असेल. पाश्चात्त्य संगीत शिकलेल्याला वाटतं की ई नंतर पुन्हा ए मायनरला घरी जायचं. नाही. घर ई आहे. एफवरून ई वर येणं म्हणजे कोमल ऋषभावरून षड्जावर टेकणं, आणि तो सुस्कारा आपल्या कानाला समजावून सांगावा लागत नाही.

पण साम्य इथवरच. हा राग नव्हे. आरोह-अवरोह, वादी-संवादी शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही. तिथे प्रत्येक प्रकाराची ('पालो' हा त्यांचा शब्द) ओळख ताल, सुरावट, कॉर्डची जागा आणि गाण्याचा भाव या सगळ्यांनी मिळून ठरते.

फ्लामेंको मूळचं भारतीय आहे, खरं का?

हा प्रश्न छाती फुगवून विचारला जातो, म्हणून जपून उत्तर देतो. रोमा लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले, हे भाषेवरून आणि जनुकांवरून पक्कं आहे. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला 'पानी' आणि नाकाला 'नाक'च म्हणतात. स्पेनमधले रोमा, म्हणजे खितानो, बोलतात त्या बोलीचं नाव 'कालो'. शब्द आपल्या 'काळा'चा भाऊ. ते पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोचले.

फ्लामेंको मात्र आंदालुसियात घडलं, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, सेविया, कादिस, हेरेस या पट्ट्यात. खितानोंचा वाटा फार मोठा. पण तिथली लोकगीतं, शतकानुशतकांच्या अरबी राजवटीचे अवशेष, अमेरिकेतल्या वसाहतींतून परत आलेले ठेके हे सगळं त्यात मुरलं आहे. कथ्थकच्या तत्कारात आणि फ्लामेंकोच्या टाचांत साम्य दिसतं आणि दोन्हीकडचे कलावंत एकत्र कार्यक्रमही करतात, तेवढ्यावर वंशावळ मांडू नये.

कोणत्या प्रकारापासून सुरुवात करू?

बरेच जण रुंबापासून करतात, कारण चार मात्रा, सोपे कॉर्ड, आठवड्यात पार्टीत वाजवता येतं. माझं मत विरुद्ध आहे. रुंबाची सवय लागली की हात एकाच झुल्यावर झुलत राहतो.

'तांगोस' घ्या. (अर्जेंटिनाच्या टँगोशी घोळ नको.) चार मात्राच, पण ठसका खरा फ्लामेंकोचा. ए, बी फ्लॅट, सी, डी मायनर एवढ्यावर भागतं. हे 'पोर मेदियो', ए ला घर मानून. मग सोलेआ, 'पोर अरीबा', म्हणजे ई ला घर मानून: ई ने सुरुवात, तिसऱ्या मात्रेला एफ, दहाव्याला परत ई. एवढं एक आवर्तन घड्याळासारखं वाजू लागलं की त्यात 'फाल्सेता' पेरायच्या. फाल्सेता म्हणजे छोटी बांधलेली सुरावट, तबलजीच्या कायद्या-तुकड्यासारखी पाठ करून ठेवायची आणि जागा पाहून टाकायची. बुलेरीयाला दुसऱ्या वर्षाआधी हात लावू नका. लावालच म्हणा; मीही लावला होता.

कापो ('सेहीया'), म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, जवळ असू द्या. गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे तो सरकतो, कॉर्डचे आकार तेच राहतात. आपल्याकडे पेटीवाल्याला 'काळी दोन' सांगतात, तिथे 'तिसऱ्या पडद्यावर' सांगतात.

मला पाको दे लुसियासारखं वाजवायचंय. किती वर्षं लागतील?

पाको दे लुसिया (1947–2014) आल्हेसिरासचा. वडील आणि थोरला भाऊ घरातच शिकवणारे, लहानपणापासून दिवसाचे कित्येक तास गिटार. 1973 च्या तबकातल्या एका रुंबाने तो स्पेनभर घरोघरी पोचला, आणि 1980 साली जॉन मॅक्लॉफ्लिन आणि अल डी मेओला या गिटारवादकांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या मैफलीने जगभर. हे तेच मॅक्लॉफ्लिन ज्यांनी आपल्या झाकिर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती' ही वादकमंडळी उभी केली. आज फ्लामेंकोत सर्रास दिसणारा 'काहोन', तो बसून वाजवायचा खोका, मूळचा पेरूचा. तोही पाकोनेच 1970 च्या दशकाच्या शेवटी या संगीतात आणला.

तर वर्षं मोजू नका. पण एक गोष्ट पाहा. हा माणूस जन्मभर गायकाच्या साथीत रमला. कामारोन दे ला इस्ला (1950–1992) गातोय आणि पाको वाजवतोय, ही ध्वनिमुद्रणं ऐका. गायक सूर लांबवतो तेव्हा गिटार गप्प, गायक श्वास घेतो तेव्हा दोन स्वरांचं उत्तर. आपल्या ठुमरीला सारंगी करते तेच. फ्लामेंको गिटार हे मुळात साथीचं वाद्य. एकट्याने मैफल करण्याचा दर्जा तिला रामोन मोंतोयाने (मृत्यू 1949) मिळवून दिला आणि नंतर साबिकासने (1912–1990). म्हणून नवशिक्याने वेगाच्या चित्रफिती कमी पाहाव्यात आणि मोरोन गावच्या दिएगो देल गास्तोरचं वादन जास्त ऐकावं. मोजके स्वर, अंगठ्याचं काम, आणि कोम्पास असा की खुर्चीत बसवत नाही. हेरेसच्या मोराइतोचंही तसंच.

नोटेशन वाचता यायला हवं का?

नको. ही गुरुमुखातून आलेली विद्या आहे. सहा रेघांवर पडद्यांचे आकडे लिहिलेली टॅब्लेचर पद्धत पुरते, तीही आठवण म्हणून. टॅब बोट कुठे ठेवायचं ते सांगतं, वजन कुठे द्यायचं ते सांगत नाही. आधी ऐकून तोंडाने म्हणा, मग कागद बघा.

गोव्यात गिटारची एवढी परंपरा आहे. तिथे फ्लामेंको मिळेल का?

गोव्याचा वारसा पोर्तुगीज. तिकडून आला तो फाडो हा गाण्याचा प्रकार, आणि फाडोची 'पोर्तुगीज गिटार' वेगळंच वाद्य आहे: नासपतीच्या आकाराची, बारा पोलादी तारांची. स्पेनच्या गिटारशी तिची गल्लत करून गोंयकाराशी वाद घालू नका. जाता जाता, पाकोच्या नावातली लुसिया ही त्याची आई, आणि ती पोर्तुगीज होती.

शिकायचं कुणाकडे?

गाव लहान असेल तर चांगल्या क्लासिकल गिटार शिक्षकाकडे सहा महिने जा. बसणं, डावा हात, अंगठा सुधारेल. फक्त सांगून ठेवा की फ्लामेंको करायचं आहे, नाहीतर डाव्या पायाखालचं पाट कायमचं होईल. फ्लामेंकोत उजवा पाय डाव्यावर टाकून, उजव्या मांडीवर गिटार ठेवून बसणं जास्त रुळलं आहे. पुढे ऑनलाइन स्पॅनिश गुरू. युरोपात असाल तर रोतरदामच्या संगीत विद्यालयात फ्लामेंको वादक पाको पेन्याने 1985 पासून फ्लामेंको गिटारचा रीतसर अभ्यासक्रम रुजवला, आणि सेवियात तर गल्लोगल्ली शिक्षक. शिक्षक निवडताना एकच खूण: पहिल्या तासाला तो टाळ्या वाजवायला लावतो की गाण्यांची यादी देतो?

आणखी एक. शहरातल्या कथ्थकच्या किंवा फ्लामेंको नाचाच्या वर्गात साथीला बसता आलं तर सोडू नका. नाचणारीचे पाय तुमची लय कधीच माफ करत नाहीत.

वय पंचेचाळीस आहे. डावखुरा आहे. स्पॅनिश येत नाही.

चालेल. चालेल; पण नवीनच शिकत असाल तर उजव्या हाताची गिटार आधी वापरून बघा, निवड फार वाढते. स्पॅनिश नको, पण गाण्यांचे अर्थ शोधून वाचा.

पावसाळ्यात गिटारचं काय करायचं?

सायप्रस आणि स्प्रूस ही पातळ लाकडं हवेतलं पाणी पितात. कोकणात आणि मुंबईत जूनपासून वरची फळी किंचित फुगते, तारा वर उचलल्या जातात, दाबायला जड होतात. विदर्भात मेमध्ये उलटं: लाकूड आकसतं आणि तडा जातो, जो जास्त महाग पडतो. 45 ते 55 टक्के आर्द्रता वाद्याला मानवते. गिटार भिंतीवर टांगून शोभा आणू नका. कडक पेटीत ठेवा, पावसात सिलिका जेलच्या पुड्या टाका, उन्हाळ्यात साबणाच्या भोकाच्या डबीत ओला स्पंज. आर्द्रतामापक स्वस्त मिळतो, तो पेटीतच असू द्या. कारच्या डिकीत कधीही नाही.

फ्लॅटमध्ये राहतो. शेजारी तक्रार करतात.

घोडीच्या जवळ, तारांखाली जुना रुमाल खोचा. आवाज निम्म्याहून कमी होतो आणि रासगेआदोतला प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, त्यामुळे सराव उलट चांगलाच होतो. पायाच्या ठोक्यासाठी खाली सतरंजीची चौपदरी घडी. माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ती स्वतः आणून दिली होती.